देवाच्या साक्षीने भौतिकशास्त्र

भौतिकशास्त्राला धर्म असतो काय, असा प्रश्न विचारला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस हसतो. न्यूटनचा नियम हिंदूला एक आणि मुसलमानाला दुसरा असा नसतो, असे तो म्हणतो. उत्तर बरोबर आहे; पण अपुरे आहे. नियम कोणाचाच नसतो हे खरे, पण पाठ्यपुस्तक मात्र नेहमी कोणाचे तरी असते. ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या प्रश्नापाशी ते थांबते आणि विद्यार्थ्यालाही थांबायला लावते, हे पाहिल्याशिवाय पाठ्यपुस्तकाची चिकित्सा पुरी होत नाही. अमेरिकेत गेल्या अर्धशतकात 'ख्रिस्ती दृष्टिकोनातून भौतिकशास्त्र' नावाचा एक पाठ्यपुस्तकी प्रकार रुजला आहे. मी स्वतः अकरावी-बारावीला हा विषय शिकवतो, म्हणून या प्रकाराकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे असे मला वाटले.

ख्रिस्ती शाळा म्हटले की आपल्या मनात वेगळे चित्र उभे राहते. महात्मा फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ज्यांना कोणत्याही पाठशाळेच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी मिशनची शाळा ही कित्येक ठिकाणी पहिली उघडी दारे होती. या लेखातील शाळा त्या नव्हेत. या शाळा सरकारी शाळांतून मुले बाहेर काढण्यासाठी निघालेल्या आहेत; आणि त्यांच्याहीपुढे जाऊन घरातच मुलांना शिकवणारी हजारो कुटुंबे आहेत. १९९३ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले होते. या दोन्ही ठिकाणी पुस्तके पुरवणारी प्रकाशने मुख्यतः तीन: दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाचे प्रकाशन, फ्लोरिडातील ए बेका आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी निघालेले अपोलॉजिया. उच्च पातळीच्या अभ्यासासाठी जे. एल. वाइल यांचे 'ॲडव्हान्स्ड फिजिक्स इन क्रिएशन' हे या परंपरेतले ठळक पुस्तक. वाइल हे रॉचेस्टर विद्यापीठाचे अणु-रसायनशास्त्रातले डॉक्टरेट आहेत. तेव्हा हा अडाण्यांचा कारभार आहे असे समजून कोणी हे पुस्तक बाजूला सारू नये.

या पुस्तकांचे एक श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईला बहुधा भौतिकशास्त्र येत नसते. त्यामुळे पुस्तकाला स्वतःच शिक्षक व्हावे लागते, मुलाशी बोलावे लागते, स्वयंपाकघरातल्या वस्तू घेऊन प्रयोग करवून घ्यावे लागतात. आपली पाठ्यपुस्तके परीक्षकाशी बोलतात, विद्यार्थ्याशी नाही. खेड्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेले कपाट असते, तिथल्या मुलाच्या हातात अशा रीतीने लिहिलेले मराठी पुस्तक आज नाही. हे शल्य मला आहेच.

मग 'ख्रिस्ती दृष्टी' या पुस्तकांत नेमकी दिसते कुठे? गतिशास्त्र, घर्षण, संवेग, वर्तुळाकार गती, विद्युत्‌मंडले, चुंबकत्व, भिंगे या सगळ्या प्रकरणांत ती प्रास्ताविकात असते, बायबलमधल्या एखाद्या वचनात असते, सृष्टीची सुव्यवस्था पाहून निर्मात्याचे स्तवन करण्यात असते. उतारावरून घसरणारा ठोकळा मात्र इतर सर्व ठोकळ्यांप्रमाणेच घसरतो. ओहमचा नियम प्रार्थनेपूर्वी आणि प्रार्थनेनंतर सारखाच. म्हणजे पुस्तकाचा फार मोठा भाग असा आहे की त्यातून वचने काढून टाकली तर एकही उदाहरण चुकत नाही, आणि वचने घातली म्हणून एकही सुटत नाही. वेष्टनाची ही श्रद्धा निरुपद्रवी आहे. तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

कॅलिफोर्नियातील एका खटल्यात हा फरक स्पष्ट दिसला. ख्रिस्ती शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि कॅलिफोर्नियातील एका शाळेने २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. विद्यापीठ आपले काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरत नाही, हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, अशी तक्रार होती. वादग्रस्त पुस्तकांत जीवशास्त्राची पुस्तके होती. त्यांपैकी एकाच्या प्रास्ताविकात सरळ अशी भूमिका होती की शास्त्राचा निष्कर्ष देववचनाशी विसंगत असेल तर निष्कर्षच चूक, पाठीशी कितीही पुरावे असोत. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. बॉब जोन्स प्रकाशनाचेच भौतिकशास्त्राचे पुस्तक विद्यापीठाला चालत होते. विषय पुरेसा शिकवला आहे ना, एवढेच विद्यापीठाने पाहिले.

म्हणजे जीवशास्त्र नापास आणि भौतिकशास्त्र पास. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की भौतिकशास्त्रात श्रद्धेचा आणि शास्त्राचा झगडाच नाही. मला हा अर्थ मान्य नाही. झगडा आहे, पण जीवशास्त्रात तो पहिल्या पानावर भेटतो आणि भौतिकशास्त्रात तो सूत्रांच्या मागे लपतो. 'कसे' हा प्रश्न विचारला तोवर भौतिकशास्त्र सर्वांचे असते. 'केव्हापासून' आणि 'किती काळ' हे विचारले की सहा हजार वर्षांच्या पृथ्वीवर विश्वास ठेवणाऱ्याला प्रत्येक घड्याळ अडचणीचे होते. आणि भौतिकशास्त्र हे तर घड्याळांचेच शास्त्र आहे.

एक उदाहरण तपशिलाने घेतो, कारण ते बारावीच्या मुलाला कागद-पेन्सिलीने करता येते. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिण आकाशात, मॅजेलनच्या मोठ्या मेघात, एका ताऱ्याचा स्फोट दिसला. या ताऱ्याभोवती स्फोटाच्या आधीच बाहेर टाकलेल्या वायूचे एक कडे होते. स्फोटाचा प्रकाश कड्यावर पोचला तेव्हा ते उजळले. कडे आपल्याकडे तिरपे असल्यामुळे त्याची अलीकडची बाजू स्फोटानंतर सुमारे ८० दिवसांनी उजळलेली दिसू लागली आणि पलीकडची बाजू सुमारे ४०० दिवसांनी. दोहोंची सरासरी २४० दिवस. म्हणजे ताऱ्यापासून कड्यापर्यंत जायला प्रकाशाला २४० दिवस लागतात. कड्याची त्रिज्या सुमारे ०.६६ प्रकाशवर्ष. आता दुर्बिणीतून हीच त्रिज्या आकाशात किती कोन करते ते मोजले: एका आर्क-सेकंदाहून थोडा कमी. त्रिज्येला या कोनाने भागले की अंतर मिळते. ते येते सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. इथे कोणताही उत्क्रांतिवादी नाही, डार्विन नाही, माकड नाही. शाळेतली त्रिकोणमिती आहे आणि एक घड्याळ आहे.

पुढची पायरी त्याहून मार्मिक आहे. स्फोटात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ या मूलद्रव्याच्या किरणोत्सारावर त्या ताऱ्याचा उजेड पुढे काही महिने टिकून राहिला. प्रयोगशाळेत कोबाल्ट-५६ चे अर्धायुष्य ७७ दिवस आहे. ताऱ्याचा उजेडही ७७ दिवसांना निम्मा या हिशेबानेच उतरत गेला. म्हणजे १ लाख ६८ हजार वर्षांपूर्वी अणू आजच्याच वेगाने फुटत होते. अंतराचा पुरावा आणि काळाचा पुरावा एकाच ताऱ्याने दिला.

याला उत्तर काय? एक उत्तर असे की देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला. तारे आणि त्यांच्यापासून आपल्यापर्यंतचे किरण एकदमच तयार झाले. या जातीची कल्पना फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडली होती आणि त्याच्या धर्मबांधवांनाही ती मानवली नव्हती. कारण मग १९८७ मध्ये आपण जो स्फोट पाहिला तो कधी घडलाच नाही. जो तारा फुटला तो कधी नव्हताच. देवाने आकाशात न घडलेल्या घटनेचा चित्रपट लावून ठेवला. देवाला खोटारडा ठरवून देववचन खरे ठरवायचे, हा सौदा कोणत्या भाविकाला परवडणारा आहे?

दुसरे उत्तर ऑस्ट्रेलियातील बॅरी सेटरफिल्ड यांनी १९८० च्या दशकात दिले: प्रकाशाचा वेग पूर्वी प्रचंड होता आणि तो घटत आला. यासाठी त्यांनी १६७६ मध्ये रोमरने केलेल्या मापनापासूनच्या जुन्या आकड्यांचा आधार घेतला. जुन्या मापनांत चुकीची मर्यादा मोठी होती. ती लहान होत गेली तसतसे आकडे आजच्या किमतीवर येऊन स्थिरावले. मापनाची सुधारणा म्हणजे निसर्गाचा ऱ्हास असे वाचायचे! गंमत अशी की भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकाचे पहिले प्रकरण मापन, सार्थ अंक आणि त्रुटी यांवरच असते. पहिले प्रकरण ज्याने नीट शिकवले त्याच्या विद्यार्थ्याला ही मांडणी खपत नाही. शिवाय वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या नात्यात प्रकाशवेगाचा वर्ग येतो. तो वेग हजारो पटींनी वाढवला तर सूर्याचे काय होईल याचा हिशेब मुलानेच विचारावा. २०१० मध्ये आणखी एक तोड निघाली: प्रकाश आपल्याकडे येताना क्षणात येतो असे मानायचे, कारण एकाच दिशेचा वेग स्वतंत्रपणे मोजता येत नाही. हे आइन्स्टाइनच्या एका खऱ्या निरीक्षणावर रचलेले चतुर आहे. पण घड्याळे कशी लावायची याचा करार बदलला म्हणून ताऱ्याच्या आयुष्यात घडलेले काही बदलत नाही.

या सगळ्यांत प्रामाणिकपणाचा एक विलक्षण नमुनाही आहे. १९९७ ते २००५ या काळात सृष्टिवादी शास्त्रज्ञांच्याच एका गटाने किरणोत्साराचा अभ्यास हाती घेतला. खडकांत आजच्या वेगाने ५० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल एवढा क्षय झालेला आहे, हे त्यांनी मान्य केले. मग तो क्षय जलप्रलयाच्या वगैरे काळात अतिशय वेगाने उरकला, असे म्हटले. पण एवढी ऊर्जा एका वर्षात बाहेर पडली तर पृथ्वी वितळेल, हेही त्यांनीच लिहून ठेवले. ती उष्णता कुठे गेली याचे उत्तर त्यांना देता आले नाही. हिशेब करणारा माणूस हिशेबापाशी किती प्रामाणिक असू शकतो आणि निष्कर्षापाशी येऊन कसा अडतो, हे यात दिसते. मी असतो तर हीच दोन पाने वर्गात वाचून दाखवली असती.

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे जे केले जाते त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. एन्ट्रॉपी वाढत जाते, म्हणून साध्यातून गुंतागुंतीचे निर्माण होणार नाही, म्हणून उत्क्रांती अशक्य, हा युक्तिवाद १९६१ पासून सृष्टिवादी वाङ्मयात फिरतो आहे. नियम बंदिस्त व्यवस्थेबद्दल आहे. पृथ्वी बंदिस्त नाही. सूर्याकडून ती थोडे तप्त प्रकाशकण घेते आणि प्रत्येकी सुमारे वीस थंड कण अवकाशात सोडते. या देवघेवीत एकूण एन्ट्रॉपी वाढतच असते. पाण्याचा बर्फ होतो तेव्हाही नियम मोडत नाही.

आता साक्षीदारांकडे येऊ. ही पुस्तके न्यूटन, फॅरडे, मॅक्सवेल, केल्विन यांना श्रद्धेचे साक्षीदार म्हणून उभे करतात. ते श्रद्धावान होते यात शंका नाही. मॅक्सवेलच्या कारकिर्दीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या दारावर स्तोत्रसंहितेतले वचन कोरले गेले. फॅरडे तर लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१३ मध्ये हम्फ्री डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा त्याला नोकराची कामे करावी लागली. तो एका लहानशा पंथाचा निष्ठावंत सभासद होता आणि त्याचे चारित्र्य त्या पंथाने घडवले हे मी मानतो. पण चुंबकाच्या बलरेषा त्याला लोखंडाच्या किसात दिसल्या, धर्मग्रंथात नाही. केल्विनने डार्विनला विरोध केला. तरीही १८६२ मध्ये पृथ्वीच्या थंड होण्याचा हिशेब केला तेव्हा त्याचे उत्तर दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे असे आले. ते चुकीचे निघाले. पण भाविक केल्विनलाही हिशेबाने सहा हजारांवर आणले नाही. आणि न्यूटन? त्याच्या हस्तलिखितांवरून आज स्पष्ट आहे की तो त्रैक्य मानत नव्हता. ही गोष्ट त्याने जन्मभर लपवली. १६७५ मध्ये राजाकडून खास सवलत मिळाली म्हणून पाद्रीदीक्षा न घेता त्याला केंब्रिजची जागा राखता आली. अमेरिकेतील अशा ख्रिस्ती शाळांत शिक्षकाला श्रद्धापत्रकावर सही करावी लागते आणि त्या पत्रकात त्रैक्य असते. न्यूटनचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या शाळेत न्यूटनला नोकरी मिळाली नसती.

दृष्टी ख्रिस्ती असूनही वेगळी असू शकते हे बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी दाखवले. ते कॅथलिक धर्मगुरू होते आणि विश्व प्रसरण पावते हे त्यांनी १९२७ मध्ये मांडले. १९५१ मध्ये पोपने या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपल्या समीकरणाने देवाची वकिली करावी हे त्यांना पसंत नव्हते. आपल्याकडे मेघनाद साहांना तीसच्या दशकाच्या अखेरीस, सगळे शास्त्र वेदांत आहे म्हणणाऱ्यांशी भांडावे लागले होते. लमेत्रची अडचण आणि साहांची अडचण एका जातीची आहे.

तेव्हा माझा आक्षेप ख्रिस्ती असण्यावर नाही. तो शब्दप्रामाण्यावर आहे: उत्तर आधी ठरलेले, पुरावा नंतर गोळा करायचा. आणि ही पद्धत फक्त ताऱ्यांच्या बाबतीत वापरली जाते असे कोणी समजू नये. बॉब जोन्स विद्यापीठात १९७१ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. नंतर विवाहितांना मिळाला. अविवाहितांना १९७५ मध्ये. तरीही वंशाबाहेर प्रेम वा विवाह करणाऱ्याला काढून टाकण्याचा नियम राहिला. आधार काय? बायबल. वंश वेगळे ठेवणे ही देवाचीच योजना आहे, असे संस्थापकाने १९६० च्या ईस्टरला आकाशवाणीवरून सांगितले होते. करसवलत काढून घेतली म्हणून संस्था न्यायालयात गेली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. नियम मात्र उठला तो २००० मध्ये, आणि वर्णभेदाबद्दल संस्थेने खेद व्यक्त केला तो २००८ मध्ये. याच संस्थेच्या छापखान्यातून सत्तरच्या दशकापासून ख्रिस्ती शाळांसाठी पुस्तके निघू लागली. ज्या पद्धतीने एका वचनातून पृथ्वीचे वय काढले गेले त्याच पद्धतीने दुसऱ्या वचनातून माणसामाणसांतली भिंत काढली गेली. भिंत पाडताना वचन बदलले नाही, वाचणारे बदलले. त्याच बायबलातून मार्टिन ल्यूथर किंग आणि काळ्यांची चर्चे गुलामांच्या मुक्तीची कथा वाचत होती, हे विसरून कसे चालेल? १९५४ च्या निकालानंतर दक्षिणेत गोऱ्यांच्या कित्येक खाजगी शाळा मुले एकत्र बसू नयेत म्हणून निघाल्या. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. सगळ्याच ख्रिस्ती शाळा अशा हेतूने निघाल्या नाहीत. पण भौतिकशास्त्राच्या पुस्तकाबद्दल बोलताना ते कोणत्या वर्गात उघडले जाणार होते आणि त्या वर्गात कोण बसू शकत नव्हते, हे विचारणे विषयाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

उलट बाजूचे एक उदाहरण आहे आणि ते या सर्वांपेक्षा जुने आहे. एडवर्ड बूशे हा अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. येल विद्यापीठाने १८७६ मध्ये भौतिकशास्त्रात, प्रकाशाच्या अपवर्तनावरील कामासाठी, त्याला ती पदवी दिली. त्या काळी एवढी पदवी असलेले गोरेसुद्धा देशात फार थोडे होते. तरीही कोणत्याही विद्यापीठाने त्याला जागा दिली नाही. तो फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत गेला आणि २६ वर्षे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकवत राहिला. शाळा क्वेकर पंथीयांनी चालवलेली होती. बूशे स्वतः नियमाने चर्चला जाणारा. म्हणजे ख्रिस्ती संस्था, ख्रिस्ती शिक्षक आणि शालेय पातळीवरचे उच्च भौतिकशास्त्र, हे सर्व इथे एकत्र होते. आणि ते अशा मुलांना मिळत होते ज्यांचे आईबाप गुलामगिरी संपताना तरुण होते. इथे श्रद्धेने शास्त्राच्या पानात हात घातला नाही. ज्यांना वर्गच नव्हता त्यांना वर्ग दिला.

तो वर्ग टिकला १९०२ पर्यंत. त्या सुमारास, काळ्या मुलांना पुस्तकी उच्च शिक्षण कशाला, हातकाम शिकवावे, असे मत देशभर बळावले होते. शाळेच्या गोऱ्या व्यवस्थापकांनी महाविद्यालयाकडे नेणारा अभ्यासक्रम बंद केला आणि औद्योगिक शिक्षण आणले. व्यवस्थापक धर्मशील होते. भौतिकशास्त्राच्या एकाही नियमावर त्यांचा आक्षेप नव्हता. बूशे बाहेर पडला, सेंट लुइसच्या एका माध्यमिक शाळेत त्याने वर्षभर शिकवले, आणखी काही ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि १९१८ मध्ये न्यू हेवनला त्याचा अंत झाला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसवला गेला तो १९९८ मध्ये.